विकतचा तरवटा

आईने जुडी उचलली, एक पान बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता जुडी परत ओट्यावर ठेवली. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले. साबण लावून, दोनदा. तिच्यामागे माझी टकळी चालूच होती. हा टाकळा, मेथीसारखा दिसतो ना, पण रानातला आहे, कुणी पेरलेला नाही, खत नाही, फवारणी नाही, पहिल्या पावसात आपला आपण उगवतो. नॅपकिनला हात पुसत तिने विचारलं, "कितीला पडला?" मी म्हटलं, असा सुटा भाव नसतो गं, महिन्याचे १२०० रुपये आधी भरायचे, दर शनिवारी चार-साडेचार किलोची पिशवी येते, तिच्यात जे असेल ते आपलं. "बरं," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. माझी आई दिवसा आडवी होत नाही.

जेवताना तिने ती भाजी घेतली नाही. बार्शीहून येताना डब्यात भरून आणलेली शेंगाची चटणी, भाकरी आणि ताक, एवढ्यावर तिने भागवलं. मी आग्रह केला. ओलं खोबरं घातलंय, कडू लागत नाही, एक घास तरी खाऊन बघ. तिने ताटावर आडवा हात धरला.

"खाल्लीय मी."

विषय तिथेच संपला. पण ते दोन शब्द दिवसभर मांजरासारखे माझ्या पायांत घोटाळत राहिले. खाल्लीय म्हणजे कधी? कुठे? बेचाळीस वर्षांत आमच्या घरी मी टाकळा कधी पाहिला नव्हता. टाकळा ही चीज तिला मी दाखवणार होते, शोध माझा होता. आणि ती तर जणू एखाद्या जुन्या भाडेकरूकडे बघावं तसं त्या जुडीकडे बघून आत निघून गेली होती.

ही पिशवी आमच्याकडे यायला लागली २०२०च्या एप्रिलात. पुण्याचं मार्केट यार्ड कधी चालू, कधी बंद, मंडईत पाऊल टाकायची भीती. अशात वेल्ह्याच्या बाजूचे तीन शेतकरी एक टेंपो घेऊन सोसायटीच्या गेटशी येऊ लागले. तेव्हा आमच्या बिल्डिंगीतली झाडून सगळी घरं रांगेत असायची. पुढे सगळं सुरळीत झालं तशी एकेक जण पुन्हा मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या कोथिंबिरीकडे वळला. उरलो आम्ही अकरा घरं. पिशवीची अट एकच, निवडायचं नाही. हे मला फार जड गेलं. मी मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारी, दुधीला नख लावून भाजीवाल्या मावशींच्या शिव्या खाणारी बाई. माझ्यासाठी दुसऱ्या कुणी भाजी निवडायची म्हणजे माझ्या साड्या शेजारणीने घेण्यासारखं होतं. पण सवय होते. कापडी पिशवी, तिचं ओलसर बूड, तळाशी सुटून पडलेली माती, कधी त्यात एखादी नखाएवढी गोगलगाय. शनिवारी सकाळी ती पिशवी उपडी केली की ओट्यावर जो वास पसरतो तो भाजीचा नसतो, तिच्या बुडख्याशी चिकटलेल्या जागेचा असतो.

थंडीत पिशवी शहाण्यासारखी वागते. वांगी, वालाच्या शेंगा, मुळा, पालक. गंमत सुरू होते जूनमध्ये. पहिल्या वर्षी मी टेंपोवाल्या शेतकरी दादांकडे तक्रारच केली होती, की दादा, या वेळी ओळखीचं काहीच नाही हो. तर ते म्हणाले, "ताई, जूनमध्ये आमच्याकडं शेतात काय असतं? भाताची रोपं टाकलेली असतात. पावसाच्या माऱ्यात कोथिंबीर-मेथी कुजून जाते. रान मात्र भरलेलं असतं. मग रानातलंच देतो." किती साधं उत्तर. मी मात्र तोपर्यंत समजत होते, की हे लोक मुद्दाम काहीतरी नवलाईचं पाठवतात.

त्या वर्षी शेवळांनी आमची जी खोड मोडली ती अजून घरात निघते. पिशवीतून आठ-दहा जांभळट-तपकिरी भाले निघाले, एका वेलीने करकचून बांधलेले. आणि वेगळ्या, पानाच्या पुडीत गोटीएवढी हिरवी फळं. फळं मी चाखली, आवळ्याच्या आंबटपणाची वाटली, म्हणून लोणचं घालू या विचाराने फ्रीजमध्ये टाकली. भाले चिरून कांदा-लसणावर परतले. दिसायला झकास. पहिला घास गेला, दुसरा गेला आणि तिसऱ्याला माझ्या मुलाने घसा धरला. मग त्याच्या बाबांनी. मग मी. घशात कुणी बारीक काचा दळतंय असं वाटत होतं. 'खाई त्याला खवखवे' ही म्हण मी आयुष्यभर लाच खाणाऱ्यांसाठी वापरली, तिचा मूळ अर्थ त्या रात्री घशाने शिकवला. आमसुलं चघळत मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पळाले. काकू ठाण्याच्या, सीकेपी. शेवळं म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले, आणि मग माझी अवस्था बघून म्हणाल्या, "अगं, काकडं नव्हती का सोबत?"

"ती हिरवी फळं? फ्रीजमध्ये आहेत."

"मग शेवळं ठेवायचीस फ्रीजमध्ये आणि काकडं खायचीस!"

शेवळं सुरणाच्या भाऊबंदांतली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात, त्या घशात टोचतात. काकडांचा आंबटपणा त्यांची खाज मारतो. पुढच्या शनिवारी काकूंनी मला शेजारी उभं करून शिकवलं. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं, काकडं ठेचून त्यांचं पाणी घालायचं. त्यांनी त्यात कोलंबी घातली. चव मला सांगता येणार नाही. थोडी खिम्यासारखी, थोडी पावसाळी मातीसारखी, आणि काकू जेवताना अजिबात बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा. दादांनी दोन्ही वस्तू एकत्र पाठवल्या होत्या, कारण त्यांच्या लेखी ती एकच वस्तू होती. वेगळ्या केल्या मी. तेव्हापासून मला या जोड्या दिसायला लागल्या. अळूला चिंच, चाकवताला ताक, शेपूला मुगाची डाळ, अंबाडीला कण्या, कोकणात टाकळ्याला फणसाच्या आठळ्या. जुनी जोडपी आहेत ही. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, तर जेवणाचा विचका ठरलेला.

आणि फोडशी! ती तर मी चक्क गवत म्हणून कचऱ्यात टाकली होती. लांब हिरवी पाती, बुडाशी पांढरी, कुणाच्या बापाला कळणार ही भाजी आहे ते? दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, पिशवीच्या ग्रुपवर आवाजी निरोप आला. मागे पावसाचा धो-धो आवाज आणि कोंबडी. "ताई, फोडशीचा बुडखा कापून टाका, आतली जाड दांडी ओढून काढा, बारीक चिरा अन् कांद्यावर परता. भाजी लई चवीची." मी निमूट कचऱ्याच्या डब्यातून जुडी वर काढली. नंतर मनात आलं, ब्रोकोली घरात पहिल्यांदा आली तेव्हा ती खायची असते का, असा प्रश्न मला पडलेला नव्हता. ती प्लॅस्टिकच्या ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेली होती, वर किमतीची चिकटपट्टी होती. एवढ्यावर मी तिच्यावर विश्वास टाकला होता.

आता यात एक गोम अशी, की मी काही भाज्यांच्या बाबतीत अगदीच अडाणी नाही. फक्त माझ्या भाज्या वेगळ्या. आमचा मुलूख मालदांडी ज्वारीचा. तिथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, आला तर आला. तिथल्या पालेभाज्या म्हणजे करडई, तांदूळजा, अंबाडी, पाथरी, चिगळ. पाथरी थंडीत ज्वारीच्या पिकात वाढते, ती तशीच कच्ची, भाकरीवर मीठ-तेल घेऊन खायची. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायला आम्ही पोरं जायचो तेव्हा बोटांना आंब लागायची. ती चाटायची, मग जीभ चरचरायची, आणि तरी पुन्हा चाटायची. फोडशी-शेवळं-टाकळा हे सगळं सह्याद्रीच्या कडेचं, मला ते परप्रांतीयच.

म्हणून दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात पिशवीतून चिगळ निघाली तेव्हा मी अक्षरशः ओरडले. ती लालसर बारीक देठं, ती मांसल टिकलीएवढी पानं. ग्रुपवर दहा जणी विचारत होत्या, हे काय, याचं काय करायचं, आणि एकदा तरी उत्तर मला येत होतं. मी सविस्तर लिहिलं, माती जाईस्तोवर चार पाण्यांतून काढा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाला, शेंगदाण्याचा कूट घाला, भाकरीशीच खा. मग अभिमानाने आईला फोन लावला.

"विकत?" आई म्हणाली. "चिगळ विकत घेतलीस?"

फोन तिने स्पीकरवर टाकून बाबांना ऐकवलं, आणि मग दोघं इतके हसले, इतके हसले, की मलाही हसू आलं. विहिरीच्या पाटाच्या कडेला जी शेळ्यांना सोडून दिलेली असते, तिच्यासाठी लेक पुण्यात पैसे मोजते! त्या दिवसापासून घरात तो विनोदच झाला. बाबा विचारायचे, या आठवड्यात बाभळीच्या शेंगा आल्या का? तेव्हा टाकळा दाखवल्यावरही आई हसेल, हेच मी धरून चालले होते. हसण्याऐवजी तिने हात धुतले, म्हणून ते लागलं.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले. टाकळ्याची उरलेली जुडी मी पेल्यात पाणी घालून ओट्यावर उभी ठेवली होती. दिवा लावला तर पेल्यात वेगळंच काहीतरी होतं. सकाळी पसरलेली गोल गोल पानं जोडीजोडीने मिटून गेली होती, सगळी जुडी निम्मी दिसत होती. मला वाटलं, कोमेजली. मी देठ हलवून बघत होते तेवढ्यात आई आली. तिलाही झोप नव्हती. तिने लांबूनच बघितलं.

"तरवटा झोपला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. तरवड माहीत होता, पिवळ्या फुलांचं ते झुडूप. "तरवड नाही गं, तरवटा. तू काय ते टाकळा-टाकळा करतेस ना, तोच. दिवस मावळला की झोपतो. आम्ही पोरं खडीवर बसल्या बसल्या त्याच्याकडं बघायचो. तरवटा झोपला की काम सुटणार." आणि मग ओट्याला टेकून, दिवा तसाच जळत असताना, ती बोलत राहिली. १९७२ साल, दुष्काळाचं. ती दहा वर्षांची. पाझर तलावाच्या कामावर तिचे आई-वडील दोघंही, आणि शाळा सुटली की हीसुद्धा. कामावर सुकडी, म्हणजे गोड कोरडा खाऊ, मिळायची. रेशनवर तांबडी मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिच्या भाकरीला रंग होता, वास होता, पण ती थापताना फुटायची. "पाऊस म्हणशील तर दोन सरी. तेवढ्यावर ज्वारी काही आली नाही, हा मात्र आला. गावाकडच्या सगळ्या उकिरड्यांवर, बांधांवर, हाच." तो खुडून आणायचा, उकडायचा, पिळायचा, मीठ टाकायचं. तेल नव्हतं. आठ-आठ दिवस तेच.

हे सगळं ती काही रडत सांगत नव्हती. दुष्काळाच्या गोष्टी मी आधीही ऐकल्या होत्या, मिलोच्या, खडीच्या. सुकडीची आठवण तर आई लाडाने काढते, गोड होती म्हणून. तरवट्याचं नाव मात्र त्यात कधीच नव्हतं. मी तसं म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. "वास येतो ना गं त्याला. खुडून खुडून हाताला बसायचा. मातीनं घासला तरी जायचा नाही. शाळेत ज्यांच्या घरी धान्य होतं त्या पोरींना बरोबर कळायचं, कोण काय खाऊन आलंय ते. माझ्या शेजारी बसणारी सरकून बसली एकदा. काही बोलली नाही बिचारी. नुसती सरकली."

एवढं सांगून ती झोपायला गेली. मी साबणाच्या वडीकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्या लाटता लाटता, तिने उरलेलं सांगितलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, धान्य आलं, आणि माझ्या आजीने तरवटा घरात येऊ दिला नाही. परसात उगवला की मुळासकट उपटायची, फुलावर येऊ द्यायची नाही, शेंग धरली तर पुढच्या साली चौपट होतो. आमच्या बार्शीच्या घरामागे एक पडकी जागा होती. श्रावणात तिथे गुडघ्याएवढं हिरवं रान माजायचं, वर बारीक पिवळी फुलं. त्यात चेंडू गेला तर काढायला आम्ही घाबरायचो. त्याचं नाव विचारलं तर आई म्हणायची, "गवत आहे." मला ते वाक्य स्पष्ट आठवतं. म्हणजे टाकळा माझ्या अंगणापलीकडे पंधरा-सोळा वर्षं उभा होता, आणि ज्या बाईला त्याचं नाव, वास, झोपायची वेळसुद्धा पाठ होती, तिने मला सांगितलं होतं, की ते गवत आहे.

आमच्या पिशवीच्या ग्रुपवर 'हरवलेल्या भाज्या' हा शब्द फार चालतो. मीही वापरला आहे, फोटोखाली, हिरव्या पानाचं चित्र टाकून. आता तो लिहिताना बोट अडखळतं. हे काही किल्ल्यांचा जुडगा हरवावा तसं हरवलेलं नाही. कुणीतरी समजून-उमजून दार लावून घेतलंय. दुसरीकडे वहिनींचा आवाज कानात असतो. त्यांच्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळ्याची वाट बघतात. गोव्यात त्याला तायकिळो म्हणतात, तिथेही तो पावसाळ्याचा आवडता मेवा. त्यात लाज नाही, उलट सणासारखं काहीतरी आहे. झाड एकच. एकीकडे त्यावर ओलं खोबरं पडलं, दुसरीकडे नुसतं मीठ. मी आईला हे सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग खावं की त्यांनी." आणि थोड्या वेळाने, "खुडायला किती मिळतात तिला?"

"कुणाला?"

"ती बाई. चार किलोची पिशवी, अकरा घरं. भर पावसात रान हिंडून कवळं-कवळं खुडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? हजेरी काय देतात?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी शेवळं कशी सोलायची ते विचारलं, भारंगी किती पाण्यांत उकळायची ते विचारलं, हे विचारलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी गेटशी मी दादांना विचारलं. ते हसले. "हजेरी कसली ताई? घरचीच आहे की ती!" पैसे कष्टकऱ्याच्या घरातच जातात, यात मी इतकी वर्षं समाधान मानत होते. घराच्या आत ते कुठपर्यंत पोचतात हे काही पिशवीवर लिहिलेलं नसतं. काकू ऋषिपंचमीची भाजी करतात तेव्हा सांगतात, की या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरटीचं काही चालत नाही. मी यंदा त्यांना विचारणार आहे, की बाईच्या कष्टाचं चालतं का. विचारेन की नाही देव जाणे, त्यांची भाजी फार छान होते.

त्या शनिवारी आईही माझ्याबरोबर खाली आली होती. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. दादांनी तिला नमस्कार केला आणि कौतुकाने विचारलं, "आजी, टाकळा आवडला का?"

"आमच्याकडं तरवटा म्हणतात त्याला," आई म्हणाली. मग न राहवून तिने माझ्या पिशवीत हात घातला, जुडी बाहेर काढली, एक देठ वाकवून बघितला. तो मोडला नाही, नुसता वळला. पानाच्या बेचक्यात हिरव्या कळीचा ठिपका होता. तिने तो दादांपुढे धरला. "जून झालाय हा. आता पुढच्या खेपेला आणू नका, कुणी खाणार नाही."

दादांनी जुडी हातात घेऊन बघितली. "खरंय आजी. संपलाच आता याचा हंगाम."

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी मजल्यांचे आकडे बघत होते. बाजूच्या आरशात दिसलं, आईने तीच बोटं हळूच नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली. वर आल्यावर चपला काढल्या आणि सरळ बेसिनकडे गेली.